वाचलेलं पत्र कुठे जातं

१

गुरुवारी सकाळी पुण्याहून मुख्यालयाचा फोन आला आणि कमळ ओव्हाळची हॉलंडच्या अभ्यासवृत्तीची जागा गेली.

धरणाकाठच्या संशोधन केंद्राचे प्रमुख हैबतराव शितोळे यांनी रिसीव्हर ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. कमळ ही रिहे गावच्या खाचरांतला ओलावा मोजणारी, केंद्रातली सर्वांत तरुण संशोधक. शेजारी वसुधा मारणे, संख्याशास्त्राची, तिच्यापेक्षा बरीच ज्येष्ठ.

"निवडीचं पत्र गेल्या शुक्रवारी संगणकावरून धाडलं होतं म्हणतात. संमती कालपर्यंत हवी होती. आली नाही, म्हणून जागा यादीतल्या पुढच्या नावाला दिली." साहेब जरा थांबले. "म्हणजे मारणेबाईंना."

वसुधाला आधी आनंद झाला आणि मग लाज वाटली. क्रम तोच होता, हे तिने स्वतःपाशी मान्य केलं.

"मला पत्रच आलं नाही, साहेब," कमळ म्हणाली. आवाज चढला तशी तिची घरची भाषा वर आली. "आईशपत न्हाई आलं! आलं असतं तर नाचत आले नसते का मी तुमच्याकडं?"

"संगणक सांभाळणारा सोपान म्हणतो, आलं. यंत्रातली नोंद तसं सांगते. मुख्यालयाचं म्हणणं, तुमच्या माणसाचा निष्काळजीपणा नव्हता हे आजच्या आज दाखवा, तर फेरविचार करू." पत्रांची ने-आण फोनच्या तारेवरून दिवसातून दोनदा व्हायची, दुपारी आणि चार वाजता. चारची खेप शेवटची. "मारणेबाई, हे तुम्ही शोधायचं."

"मी? जागा मला मिळाली आहे, साहेब."

"म्हणूनच. दुसऱ्या कुणी शोधलं आणि काही सापडलं नाही, तर लोक तुमच्याकडे बघतील."

"मी शोधलं आणि काही सापडलं नाही, तरी माझ्याकडेच बघतील."

"मग सापडू द्या."

बाहेर व्हरांड्यात कमळ तिच्या पुढे झाली. "छान हाय हो, ताई. ज्याच्या घरात माल निघाला, त्यालाच फौजदार केला."

वसुधा संगणकाच्या खोलीकडे चालू लागली. तीन वर्षं ती या मुलीचे आलेख तपासत होती. आकडे कमळचे असायचे आणि वाहवाही कमळची. चुका शोधणं एवढंच वसुधाचं काम, आणि चुका फारशा नसायच्याच. त्याचाच तिला सर्वांत जास्त राग होता.

२

संगणकाच्या खोलीत चार टर्मिनलं होती आणि मध्ये प्लायवुडचे आडोसे. यंत्राची सगळी व्यवस्था सोपान ढमालेकडे.

"पत्र शुक्रवारी दुपारच्या खेपेला आलं," तो म्हणाला. "कमळताईंच्या पेटीत पडलं, इथवर माझी जबाबदारी. आणि ताई, आधीच सांगतो, मी काढलं नाही."

"तुला काढायचं असतं तर कसं काढलं असतंस?"

"मला? मुख्य परवाना माझ्याकडे आहे. इथूनच पेटी उघडून हवा तेवढा मजकूर पुसला असता. मागे काही राहिलं नसतं."

कमळ आपल्या पत्रांची यादी पडद्यावर पाहत होती. प्रत्येक ओळीत पाठवणाऱ्याचं नाव आणि पुढे विषय. तिच्या मार्गदर्शकांच्या, सोमनाथसरांच्या नावापुढची विषयाची जागा तेवढी कोरी.

"सरांना विषय लिहायचाही कंटाळा," सोपान हसला.

"थांबा," कमळ म्हणाली. "मुख्यालयाची अजून दोन पत्रं हितं होती. जुनी, वाचलेली. एक तर मी उत्तर द्यायला राखून ठेवलं होतं. सोमवारी दिसलं नाही, तेव्हा वाटलं यंत्रानं खाल्लं."

"यंत्र खात नाही," सोपान दुखावून म्हणाला. त्याने कमळच्या खात्यातल्या फायलींची यादी काढली आणि गप्प झाला. तिथे 'एमबॉक्स' नावाची एक फाईल होती. उघडली, तर आत ती दोन्ही जुनी पत्रं. निवडीचं पत्र मात्र नव्हतं. फाईल तयार झाल्याची वेळ शुक्रवारची, दुपारची खेप येऊन गेल्यानंतरची.

"ही फाईल मी केलेली न्हाई," कमळ म्हणाली.

"तुम्ही नाही, पत्रांच्या प्रोग्रामने केली. पण इथे ती होताच कामा नये!" सोपान वसुधाकडे वळला. "या प्रोग्रामची मूळची खोड अशी, की पत्र वाचून बाहेर पडलं की ते पेटीतून उचलून या फाईलीत नेऊन टाकायचं. सुरुवातीला रोज तक्रार यायची, पत्र हरवलं म्हणून. मग मी सगळ्यांसाठी एक सामाईक फाईल केली. वाचलेलं पत्र पेटीतच राहू दे. पत्र लिहिण्याआधी विषय विचार. अशा पाच-सहा ओळी. कुणीही प्रोग्राम सुरू केला की तो आधी माझ्या ओळी वाचतो."

"म्हणजे शुक्रवारी कुणीतरी कमळच्या खात्यातून ही दोन पत्रं उघडून पाहिली, तिसरं सापडल्यावर ते पुसलं, आणि त्या वेळी तुझ्या ओळी लागू नव्हत्या."

"असंच दिसतंय."

"कमळ, शुक्रवारी दुपारी तू कुठे होतीस?"

"रिह्याला, वालाच्या शेतात. टर्मिनल चालूच ठेवलं होतं." तिने दोघांकडे पाहिलं. "असं काय बघता? सगळेच ठेवतात. पुन्हा आत शिरायला किती वेळ लागतो या यंत्राला!"

ते खरं होतं. केंद्रात कुणीच आपलं खातं बंद करून उठत नसे. चपला दाराशी काढाव्यात तशी माणसं खाती उघडी टाकून शेतावर जात.

"सोपान, तुझ्या ओळी कुणाला नको असतील तर?"

"तर स्वतःच्या खात्यात स्वतःची फाईल करायची. प्रोग्राम माझ्यानंतर ती वाचतो आणि शेवटी तिचंच ऐकतो." त्याने शोध लावला आणि पडद्यावर एकच ओळ उमटली. "अख्ख्या केंद्रात एकाच माणसाने तशी केलीय. आत पहिलीच ओळ आहे, वाचलेलं पत्र पेटीत ठेवू नकोस."

"कुणाची?"

सोपानने आवाज खाली आणला. "मृणालिनीबाईंची."

३

मृणालिनी साठे मुंबईहून बदलून आल्या होत्या आणि ते कुणाला विसरू देत नसत. त्या जलविज्ञान बघायच्या. केंद्राने पुण्याला धाडलेल्या यादीत कमळचं नाव पहिलं आलं तेव्हा त्यांनी भर जेवणाच्या टेबलावर "आता निवडीला पाऊससुद्धा मोजावा लागत नाही, चिखल मोजला की झालं," असं म्हटलं होतं.

"हो, आहे माझी फाईल," त्या म्हणाल्या. "सोपानने ठरवायचं का, माझी पत्रं कुठे राहतील ते? वाचलं की समोरून गेलं पाहिजे. मला पसारा चालत नाही."

"शुक्रवारी दुपारी तुम्ही या खोलीत होता?"

"होते. तूही होतीस. सोमनाथ होते, सोपान होता." त्या पुढे झुकल्या. "वसुधा, सरळ विचार ना. मला कमळचा हेवा वाटतो का? वाटतो. मला तुझाही वाटतो, सकाळपासून. पण मी तिचं पत्र पुसून तुला हॉलंडला पाठवीन, एवढी का मी उदार आहे?"

वसुधाला हसू आलं. तरीही बाहेर पडताना तिच्या मनात हिशेब जमत होता. सामाईक ओळी झुगारणारी एकच व्यक्ती, आणि तीही उघड जळणारी. हे लिहून साहेबांना द्यायचं. साठेबाई आकाशपाताळ एक करतील, आरोप-प्रत्यारोप होतील आणि चार वाजून जातील. नक्की काहीच ठरणार नाही, आणि यादी आहे तशी राहील.

यादी आहे तशी राहील, हे वाक्य तिच्या मनात दुसऱ्यांदा आलं तेव्हा तिला स्वतःचीच भीती वाटली.

४

डॉ. सोमनाथ कोंढरे कमळचे मार्गदर्शक. केंद्रात पत्रांचा प्रोग्राम सगळ्यांना त्यांनीच शिकवला होता. तिशीत बंगलोरला असताना ते अशा यंत्रावर बसले होते, सोपान शाळेत होता तेव्हा.

"बिचारी कमळ," ते म्हणाले. "तिच्या शिफारशीचं पत्र माझंच. मागच्या आठवड्यात पुण्याला समितीत तिचं नाव पक्कं झालं, तेव्हा सर्वांत आधी टाळी मी वाजवली."

"म्हणजे पत्र येणार हे तुम्हाला माहीत होतं, सर?"

"मला काय, शितोळ्यांनाही माहीत होतं. पत्र हाती येईपर्यंत बोलायचं नाही, असा नियम." त्यांनी चष्मा पुसला. "मी तीनदा अर्ज केला होता, वसुधा. तीनदा यादीत दुसरा. पहिला माणूस कधी आजारीसुद्धा पडला नाही." ते हसले. "तू नशीबवान आहेस. आलेली जागा सोडू नकोस. यंत्राची चूक म्हणून लिहून टाक. यंत्राला कुणी घरी पाठवत नाही."

मायेने सांगितलेलं होतं. वसुधाला ते फार आवडलं, म्हणून ती ताबडतोब तिथून उठली.

५

तिला निवांत बसायचं होतं. मृणालिनीबाई जेवायला गेल्या होत्या, त्यांच्याच टेबलाशी ती टेकली. खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं, उन्हाने पांढरं पडलेलं.

कॅन्टीनच्या इंदूबाई किटली घेऊन आल्या आणि पुढ्यात कप ठेवून निघाल्या. वसुधाने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अहो इंदूबाई, यात साखर कुठाय?"

"साठेबाई बिनसाकरंचा घेत्यात."

"पण मी साठेबाई नाही ना!"

"मग त्यांच्या टेबलाव कशापायी बसलासा? मी काय एकेकाचं त्वांड बघत फिरू? टेबल बघायचं नि कप ठेवायचा. येगळा पायजे तर तोंडानं सांगायचं." इंदूबाईंनी किटली या हातातून त्या हातात घेतली. "येवढ्या शिकलेल्या तुमी, आन् कप उचलूस्तवर गप!"

त्या गेल्या. वसुधा कपाकडे पाहत राहिली.

टेबल बघायचं. प्रोग्रामही टेबलच बघत होता. मृणालिनीबाईंची फाईल होती मृणालिनीबाईंच्या खात्यात. कमळच्या उघड्या खात्यात बसून त्यांनी पत्रं वाचली असती, तर प्रोग्रामने आधी सोपानच्या सामाईक ओळी वाचल्या असत्या आणि मग कमळची फाईल शोधली असती. ती कमळने कधी केलेलीच नाही. म्हणजे सोपानच्या ओळी लागू झाल्या असत्या आणि ती दोन जुनी पत्रं जागची हलली नसती. कुठल्या तरी फाईलीत लिहून ठेवलेली सवय दुसऱ्याच्या खुर्चीत कामाला येत नाही. शुक्रवारच्या माणसाला वेगळं हवं होतं ते त्याने तिथल्या तिथे सांगितलं होतं, आपल्या बोटांनी.

ती धावतच सोपानकडे गेली. "सामाईक ओळी टाळायला दुसरा काही मार्ग आहे? फाईल न करता?"

"आहे. प्रोग्राम सुरू करतानाच नावापुढे एक उणे चिन्ह आणि एन टाईप करायचा. म्हणजे सामाईक फाईल वाचूच नकोस. पण ते दर वेळी टाईप करावं लागतं. इतका उपद्व्याप कोण करील?"

"तुझ्या ओळी वाचल्याच नाहीत, तर प्रोग्राम पत्राचा विषय विचारील?"

"नाही. ती ओळ माझीच..." सोपान बोलता बोलता थांबला. दोघांनाही कमळच्या यादीतल्या त्या कोऱ्या जागा आठवल्या.

"सोमनाथसरांच्या खात्यात स्वतःची फाईल नाही, हे तू सकाळीच पाहिलंस," वसुधा म्हणाली. "आता एमबॉक्स आहे का, ते बघ."

सोपानने ओळ टाईप केली. फाईल होती, आणि भली मोठी होती. कमळ आणि साठेबाई सोडल्या तर दुसऱ्या कुणाच्याच खात्यात ती नव्हती.

६

"हे झालं सवयीबद्दल," सोपान म्हणाला. "शुक्रवारी तेच बसले होते हे कसं दाखवणार? उद्या म्हणतील, माझी सवय कुणीतरी उचलली."

"आधी मला हे बघायचंय, की दुसऱ्याच्या खुर्चीतही बोटं तेच करतात का."

तिच्या स्वतःच्या खात्यात एमबॉक्स नाही, हे तिने सोपानला दाखवून ठेवलं. मग ती सरांकडे गेली. "सर, माझ्या जागेचं पत्र दुपारच्या खेपेला आलंय. अटी जरा तुम्ही वाचून सांगाल? माझं मन थाऱ्यावर नाही."

सोमनाथसर आनंदाने उठले. तिच्या खुर्चीत बसले, बाह्या सरसावल्या आणि बोलता बोलताच टाईप केलं. वसुधा मागे उभी होती. प्रोग्रामचं नाव, मोकळी जागा, उणे चिन्ह, एन. त्यांनी कळफलकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

पत्र वाचून झालं. "अटी सोप्या आहेत. आजच होकार कळव." ते प्रोग्राममधून बाहेर पडले.

"सर, उठू नका," वसुधा म्हणाली. "माझ्या फायलींची यादी काढा."

यादीत सर्वांत शेवटी एमबॉक्स होती. आत्ताच जन्मलेली, आत एकच पत्र.

सरांनी ती ओळ वाचली. मग आडोशाजवळ उभ्या सोपानकडे पाहिलं, आणि त्याच्यामागे दारात उभ्या कमळकडे.

"बंगलोरच्या यंत्रावर कुणीतरी भलत्या सामाईक ओळी घालून ठेवल्या होत्या," ते सावकाश म्हणाले. "तेव्हापासूनची सवय. दुसऱ्याच्या सोयीने मी चालत नाही."

"कमळच्या पेटीतही तुम्ही आपल्याच सोयीने वागलात. पुसलेलं पत्र गेलं, पण ते शोधताना उघडलेली दोन पत्रं तिच्या एमबॉक्समध्ये जाऊन पडली. सामाईक ओळी टाळणारे इथे दोघेच. साठेबाईंची फाईल तिच्या खुर्चीत चालत नाही. तुमची बोटं चालतात."

सरांनी सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या. कमळच बोलली. "सर, शिफारस तुमीच केली ना? मग?"

"शिफारस केली तेव्हा तू निवडली जाशील असं वाटलं नव्हतं," सोमनाथसर म्हणाले. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसायला लागला. "टाळी वाजवली ना, त्याच दिवशी हात दुखले. शुक्रवारी तुझी खुर्ची रिकामी होती, पडदा चालू होता. मला फक्त वाचायचं होतं, ते पत्र कसं लिहितात तेवढंच." मग ते वसुधाकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात विनवणी आली. "तू मला चांगली ओळखतेस. मी तिचं पत्र पुसलं, आणि तू सकाळी ते ऐकून खूश झालीस. मी पाहिलं तुझ्याकडे व्हरांड्यात. आपण काही फार वेगळे नाही, वसुधा. यंत्राची चूक म्हण. हॉलंडला जा तू."

कमळने वसुधाकडे पाहिलं.

"खूश झाले होते, सर," वसुधा म्हणाली. "अजूनही ती जागा मला हवीच आहे. उठा आता. मला खुर्ची लागेल."

७

तिने मुख्यालयाला पत्र लिहायला घेतलं. प्रोग्रामने सोपानच्या शिकवणीप्रमाणे आधी विषय विचारला. वसुधाने थोडा विचार करून लिहिलं, 'कमळ ओव्हाळ यांना पत्र न मिळाल्याबाबत.' मग कुठली फाईल, कुठली वेळ, कुठली सवय आणि तिचा पुरावा, एकेक पायरी मांडली. विशेषण कुठेच घातलं नाही. शेवटी एक ओळ होती, मला देऊ केलेली जागा मी स्वीकारत नाही. ती ओळ तिने दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा लिहिल्यावर तशीच राहू दिली.

साहेबांनी वाचून मान हलवली. कमळने आपल्या टर्मिनलवरून संमती धाडली. चारच्या खेपेला दोन्ही पत्रं पुण्याला गेली. सोमनाथसर साहेबांच्या खोलीत होते आणि दार बंद होतं.

"मुख्यालयाने मानलं नाही तर?" कमळने विचारलं.

"मुख्यालयाला तारेवर आणखी थोडा वेळ थांबायला सांगितलंय सोपानने. कळेल आत्ताच."

"ताई, सकाळी मी फौजदार म्हणाले..."

"चहा घेऊन ये. साखर घालून आण, आणि तोंडाने सांग."

कमळ गेली. तिची खुर्ची रिकामी झाली आणि पडदा चालूच राहिला. सबंध दिवस एवढं होऊनसुद्धा ती बाई खातं उघडंच टाकून गेली होती! वसुधा चिडून आडोशापलीकडे गेली, तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटली. नवीन पत्र आलं आहे.

मुख्यालयाखेरीज या वेळी कुणाचं असणार? हो असेल किंवा नाही असेल. खुर्ची दोन पावलांवर होती. कॅन्टीनमधून कमळचं आणि इंदूबाईंचं हसणं ऐकू येत होतं, आणि ते हसणं वसुधाला अजूनही टोचलं. नाही असावं, असं मनाचा एक कोपरा स्पष्ट म्हणाला. तो ती गप्प करू शकली नाही.

ती खुर्चीत बसली नाही. उभ्यानेच वाकून तिने खातं बंद करण्याचा शब्द टाईप केला. पडदा कोरा झाला आणि कमळचा परवलीचा शब्द मागत थांबला.

"कमळ!" तिने खिडकीतून हाक मारली. "तुझं पत्र आलंय. ये, तूच उघड."